रस थांबला की निघायचं

एप्रिल संपत आला होता आणि बर्फ पुन्हा पडत होता.

त्याच्याबद्दल आता कुणी बोलतही नव्हतं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो तेव्हा आमच्या गावात जो तो खिडकीशी जातो. जानेवारीत निदान किती पडला याच्या गप्पा होतात. एप्रिलअखेरीला मात्र माणसं दार उघडतात, बाहेर बघतात, दार लावून घेतात आणि कालचेच ओले बूट पुन्हा पायात चढवतात. किराणा दुकानाच्या आवारात हिवाळाभर लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग काळा पडला होता, त्यातून कुणाकुणाचे हरवलेले हातमोजे वर यायला लागले होते. त्यावर पुन्हा पांढरा थर बसला. चर्चसमोरच्या गवतावर रॉबिन पक्षी अंग फुगवून बसले होते, चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखे.

"कसं काय, मार्लिस?" पोस्टातला माणूस मला विचारायचा.

"याहून वाईट पाहिलंय," मी म्हणायची.

"कधी?"

मग मला काही आठवायचं नाही.

मी गावच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण एक काम मी सोडलं नव्हतं. दर वसंतात दुसरीच्या मुलांना ड्वेन टॉर्गर्सनच्या साखरघरात घेऊन जायचं. विस्कॉन्सिनच्या आमच्या या उत्तर भागात मेपलची जंगलं आहेत. झाडाला छोटं भोक पाडून तोटी ठोकायची, खाली बादली लटकवायची, थेंब थेंब रस जमा करायचा आणि भट्टीवरच्या लांब पसरट कढईत तो आटवत बसायचं. पाण्यासारखा पातळ रस असतो. चाळीस बादल्या आटवाव्यात तेव्हा कुठे एक बादली पाक हाती लागतो.

मुलांना मी सोपं करून सांगते. झाडाला रात्री थंडी वाजली आणि दिवसा ऊब मिळाली, की त्याचा रस वाहायला लागतो. नुसती थंडी असली तर रस गोठून बसतो. नुसती ऊब आली तर फांद्यांवरच्या कळ्या फुगतात, आणि एकदा कळ्या फुगल्या की रसाला घाणेरडा वास येतो. मग तोट्या काढून घ्यायच्या, हंगाम संपला. म्हणून उशिराचा बर्फ सगळ्या गावाला नकोसा होत असला, तरी साखरघरवाल्यांना तो हवा असतो. झाडं गार राहतात, कळ्या मागे पडतात, रस आणखी काही दिवस चालतो.

या वर्षी मात्र हंगाम लांबणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती.

ड्वेन आणि त्याची बायको लव्हॉन, दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली होती. लव्हॉनचे गुडघे पार गेले होते. त्यांच्या शेतावरच्या घरात झोपायची खोली वर, कपडे धुवायचं यंत्र तळघरात आणि लाकडं बाहेरच्या पडवीत. हिवाळाभर ती जिन्यावरून बाजूबाजूनं उतरायची, खेकड्यासारखी. त्यांची मुलगी रोंडा हिनं त्यांच्यासाठी गावात, दवाखान्याजवळ, तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. नाताळच्या जेवणाला मी त्यांच्याकडे होते. रोंडानं तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा ड्वेननं बटाट्याचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "ठीक आहे. एवढा एक हंगाम करतो. रस थांबला की निघायचं."

"साक्षीदार आहेत हं," लव्हॉन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "बाईंच्या समोर बोललायस."

जानेवारीपासूनच तिच्या दिवाणखान्यात खोकी मांडलेली होती. चिनीमातीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांत गेली. पडदे गेले. मार्चमध्ये मी गेले तेव्हा चहाचे कपही भरून झाले होते, आणि आम्ही कॉफी प्यायलो ती मापाच्या भांड्यांतून.

"एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत आटपेल," ती म्हणाली होती. "यंदा लवकर ऊन पडणार म्हणतात."

ऊन पडलं, नाही असं नाही. एप्रिलच्या मध्याला चार-पाच दिवस असे उबदार आले की मुलं शाळेत अर्ध्या चड्ड्या घालून आली. नाल्याकाठची झुडपं लालसर दिसायला लागली. आणि मग वारा फिरला, आभाळ खाली आलं, आणि बर्फ सुरू झाला तो थांबेना. एक दिवस पडायचा, एक दिवस वितळायचा, पुन्हा पडायचा.

गावात तेवढा ड्वेन खुशीत होता. हार्डवेअरच्या दुकानात मला भेटला तेव्हा गालांवर काजळी, भुवयांवर पाण्याचे थेंब.

"बघितलंत ना बाई? रस पुन्हा सुरू झाला. तिकडे लोक रडतायत, इकडे माझ्या बादल्या भरून वाहतायत."

"आणि लव्हॉन?"

"तीही रडतेय," तो म्हणाला. "पण ती लोकांबरोबर रडतेय."

आता त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाकाचा हंगाम संपला हे ड्वेन कधीच ठरवत नसे. दिवसचे दिवस धुरात आणि वाफेत उभं राहिल्यावर आटवणाऱ्याच्या जिभेला काही कळेनासं होतं, असं त्याच्या बापाचं म्हणणं. म्हणून त्या घरात जो आटवतो त्यानं शेवट सांगायचा नाही. बाप आटवायचा तेव्हा ड्वेनची आई चव बघायची. लग्न होऊन आल्यापासून ते काम लव्हॉनकडे आलं. रोजची घाणी, म्हणजे त्या दिवशीचा आटवलेला पाक, उतरली की ती साखरघरात यायची, लाकडी चमच्यानं चव घ्यायची, आणि चांगली आहे म्हणून मान हलवायची. एखाद्या वर्षी ती चमचा खाली ठेवून "झालं" म्हणायची. त्यावर कुणी एक शब्द बोलत नसे. ड्वेन भट्टीत आणखी लाकूड टाकत नसे. बस, तेवढंच.

तर या वर्षी शेवट म्हणायचा तो लव्हॉनलाच म्हणायचा होता. मला वाटलं, बरंच झालं. ज्याला निघायची घाई, त्याच्याच हातात किल्ली.

शाळेची सहल दोनदा रद्द झाली होती. त्या आठवड्यात बस निघू शकली तेव्हा मी मुलांना घेऊन गेले. झाडांखाली नवा बर्फ गुडघ्याला लागत होता. मुलं मात्र कंटाळलेली. सात वर्षांची मुलं बर्फाला कंटाळलेली मी पहिल्यांदा पाहत होते. कुणी गोळे केले नाहीत, कुणी बर्फात अंग टाकून लोळलं नाही. ओळीत चालत साखरघरात शिरली आणि भट्टीभोवती ओंडक्यांवर बसली.

ड्वेननं त्यांना बादलीतला कच्चा रस प्यायला दिला, वाफ दाखवली, लाकूड कसं रचायचं ते दाखवलं. मग नेहमीसारखी लव्हॉन आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात आंबट काकड्यांची बरणी. आमच्याकडे गरम पाक ताज्या बर्फावर ओततात. त्याची चिवट चिक्की होते, ती काडीवर गुंडाळून खायची, आणि गोडानं तोंड मिटलं की आंबट काकडीचा तुकडा चावायचा. मुलांसाठी सहलीतला मोठा भाग तोच.

लव्हॉननं ट्रेमध्ये बर्फ दाबला. ड्वेननं त्या दिवशीच्या घाणीचा पाक त्यावर ओतला. पाक नेहमीपेक्षा बराच काळा होता. मुलांनी काड्या फिरवल्या, तोंडात घातल्या, आणि लगेच बाहेर काढून एकमेकांकडे पाहिलं.

मग आयला नावाची एक मुलगी, अगदी नम्रपणे, हात वर करून म्हणाली, "बाई, याला ओल्या मोज्यांचा वास येतो."

"माझ्या दादाच्या मोज्यांचा!" दुसरा एक ओरडला आणि सगळे खिदळायला लागले. सबंध सकाळचं पहिलं हसू ते.

मी माझी काडी तोंडात घातली. आयला खोटं बोलत नव्हती. कळ्यांचा वास होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

मी लव्हॉनकडे पाहिलं. तिनं चमच्यानं चव घेतली आणि म्हणाली, "काही नाही झालेलं. सकाळी दात घासून आलात ना, म्हणून तसं लागतं. काकडी खा."

"मी दात घासलेच नाहीत," आयला म्हणाली.

"मग म्हणूनच," लव्हॉन म्हणाली.

ड्वेननं भट्टीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि एक लाकूड टाकलं.

मुलं बसमध्ये चढत असताना मी मागे राहिले. लव्हॉन ट्रे धूत होती. तिचे हात लाल झाले होते.

"लव्हॉन, तो रस गेलाय."

"मला सोमवारीच कळलं," ती म्हणाली. "त्या उन्हातच गेला होता. कळी एकदा फुगली की बर्फ पडून परत मिटते होय? दुसरीतल्या पोरालाही कळतं ते."

"मग तू..."

"मग मी काय?" तिनं ट्रे आपटला. "सगळा हिवाळा मी काय म्हणत होते? हे जिने संपू देत, ही लाकडं संपू देत, हा चिखल संपू दे. रोज सकाळी म्हणायचे. सोमवारी चमचा तोंडात घातला, कळलं, आता फक्त 'झालं' म्हणायचं. तो तिथे उभा, चेहऱ्यावर काजळी, वाट बघतोय. आणि माझ्या तोंडून निघालं, 'छान आहे.'" ती ओंडक्यावर बसली. "मंगळवारी पुन्हा तेच. मला झोप येते गं, मार्लिस. इतकी झोप येते की उभ्याउभ्या पडेन. पण तो एक शब्द काही येत नाही."

बाहेर बसचा भोंगा वाजला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. मुलांना आपण किती गोष्टी समजावून सांगतो, आणि आपल्या वयाच्या माणसापाशी आलो की शब्द सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या गाडीनं परत गेले. मी एक हॉटडिश करून नेला होता, बटाटे, मटार आणि खिमा घातलेला, कारण तिची भांडी खोक्यांत होती आणि ती दोघं रोज पावच खात असणार. पण खरं सांगायचं तर मला चैन पडत नव्हतं. त्याचं कारण ते पिंप.

साखरघराच्या कोपऱ्यात एक स्टीलचं पिंप असतं. वर्षभराचा चांगला पाक त्यात साठवतात. रोजची घाणी लोकरीच्या गाळणीतून गाळून एका बादलीत निवत ठेवायची आणि लव्हॉननं चांगली म्हटली की मग पिंपात ओतायची. या शेवटच्या घाणी लव्हॉननं चांगल्या म्हणूनही ड्वेननं अजून ओतल्या नव्हत्या, बाजूला ठेवल्या होत्या. पण किती दिवस ठेवणार? एक वाईट बादली आत गेली की सगळं पिंप गेलं. आणि ते पिंप त्याचं शेवटचं. मे महिन्यात चर्चमध्ये सगळ्या गावाला पॅनकेकची न्याहारी असते, तिथे पाक टॉर्गर्सनांचाच असतो, त्याच्या आजोबांपासून.

मी आत शिरले तेव्हा वाफेनं काही दिसत नव्हतं. बर्फ जाड, सावकाश पडत होता आणि छपरावरून घसरला की धप्प आवाज यायचा.

"या बाई," वाफेतून ड्वेन म्हणाला. "तुमच्या पोरांनी माझं नाव घालवलं की शाळेत?"

"मोज्यांवर अजून हसतायत."

"हसू देत बिचाऱ्यांना. दुसरं काय आहे हसण्यासारखं? परवापासून पुन्हा वादळ सांगितलंय."

लव्हॉन भिंतीशी खुर्चीत बसली होती, कोट अंगावर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. मला वाटलं, झोपली आहे. पण ड्वेननं घाणी उतरवून गाळली तशी ती उठली. त्यानं चमचा तिच्यापुढे धरला.

"बघ."

तिनं चव घेतली. भट्टीत लाकूड तडकलं.

"चांगली आहे," ती म्हणाली.

ड्वेननं मान हलवली. बाजूला ठेवलेल्या बादल्यांपैकी पहिली उचलली आणि पिंपापाशी गेला. पिंपाचं झाकण काढलं, ते नीट भिंतीला टेकवून ठेवलं. बादली दोन्ही हातांनी उचलून पिंपाच्या काठावर टेकवली. मग तो थांबला. वळून पाहिलं नाही. पिंपाकडेच बघत उभा राहिला.

माझ्या जिभेच्या टोकाशी शब्द आला होता. पण ते घर माझं नव्हतं आणि ते काम माझं नव्हतं. मी हॉटडिशचं भांडं छातीशी धरून उभी राहिले, आणि त्याची ऊब मला कोटातून लागत होती.

बादली हळूहळू कलायला लागली. काळा पाक काठापर्यंत आला, काठावर फुगला.

"ओतू नकोस, ड्वेन."

बादली तिथेच राहिली.

"ओतू नकोस," लव्हॉन पुन्हा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "झालं."

त्यानं बादली सरळ केली आणि जमिनीवर ठेवली. कंबरेवर हात ठेवून तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मोजे म्हटल्यावर कळायला काय जीभ लागते?"

"मग काल बोलला का नाहीस?"

"ते माझं काम नाही."

"ड्वेन टॉर्गर्सन! म्हणजे सगळं पिंप नासवायला निघाला होतास तू? मी बोलले नसते तर ओतलं असतंस?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "हात दुखायला लागला होता."

ती हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग ती त्याच्यावरच चिडली. "गाढवा. सगळा हिवाळा मला वाटलं, तू थांबवून ठेवलंयस. तुझ्यामुळे आपण अडकलोय. आणि आठवडाभर मीच..."

"हो ना," तो म्हणाला. "मीही जरा चकितच झालो. म्हटलं, चला, हिचं मन बदललं. मग तुझा चेहरा पाहिला. मन बदललेल्या माणसाचा चेहरा असा नसतो." त्यानं पिंपाचं झाकण लावलं आणि हातानं दाबून बसवलं. "जिने चढताना तुझे गुडघे वाजतात ना, मला खाली ऐकू येतात. मला काय कळत नाही?"

नासलेल्या बादल्या त्यानं एकेक करून बाहेर नेल्या आणि बर्फात ओतल्या. पांढऱ्यावर तपकिरी डाग पडले आणि खाली खोल गेले. मी तोट्या काढायच्या का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "उद्या. आज नको. आज कुणाच्यात जोर नाही."

पण आम्हाला लगेच घरात जाता येईना. कढई भट्टीवर होती, आणि खाली विस्तव जिवंत असेपर्यंत कढई सोडून जाता येत नाही. आतलं आटलं की पत्रा जळून जातो. विस्तव पाण्यानं विझवता येत नाही, भट्टीच्या विटा फुटतात. तेव्हा ड्वेननं कढईत दोन बादल्या बर्फ टाकला, भट्टीचं दार लावलं, वाऱ्याची झडप बंद केली आणि आमच्यासमोर ओंडक्यावर बसला. आता लाकडं आपापली संपेपर्यंत वाट बघायची, एवढंच काम उरलं होतं.

हॉटडिश आम्ही त्या लाकडी चमच्यानंच खाल्ला, आळीपाळीनं, कारण दुसरा चमचा नव्हता.

"मीठ कमी आहे," ड्वेन म्हणाला.

"तुझ्या जिभेवर कोण विश्वास ठेवतंय?" लव्हॉन म्हणाली. मग तिनं एक घास घेतला. "कमी आहे, मार्लिस. खरंच."

थोड्या वेळानं तिची मान एका बाजूला कलली. टोपी सरकून कानावर आली. तोंड किंचित उघडं पडलं आणि ती मोठमोठ्यानं घोरायला लागली. तिला इतकी गाढ झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

"रोंडाला फोन करायला हवा," मी हळूच म्हणाले. "ट्रक पाठव म्हणावं."

"करतो," ड्वेन म्हणाला. "रस्ता मोकळा झाला की येईल ती." त्यानं आपला कोट काढून लव्हॉनच्या गुडघ्यांवर टाकला. वाफ विरळ होत गेली तसं साखरघर मोठं दिसायला लागलं. कोपऱ्यातल्या कोळिष्टकांवर पाण्याचे थेंब लटकत होते. बाहेर बर्फ पडतच होता, आणि झाडांवरच्या बादल्यांत टपटप रस गळत होता, कुणाला नको असलेला.

"उठवू या तिला?" मी विचारलं. "इथे गारठेल."

त्यानं भट्टीच्या दारावर तळवा ठेवून पाहिला.

"अजून ऊब आहे," तो म्हणाला. "झोपू दे."